डोळा राखून

परसातल्या जांभळीच्या शेंड्याची पानं करपलेली दिसली, तेव्हा वाटलं उन्हाने असेल. मग वळवाची पहिली सर आली आणि वरून चर्र असा आवाज झाला. निळसर ठिणगी उडाली, घरातला दिवा लुकलुकला. झाड मागच्या कुंपणाजवळून जाणाऱ्या 11 केव्हीच्या तारांना टेकलं होतं.

'टेकलं' म्हणताना झाडाने काही आगळीक केल्यासारखं वाटतं. रोप लावलं मीच, बारा वर्षांपूर्वी. खड्डा खणताना माणूस खाली बघतो. मुरूम किती, पाण्याचा पाईप कुठून गेलाय, सगळं मी पाहिलं होतं. वर पाहिलं नाही. तारा तेव्हाही तिथेच होत्या. झाडाचं म्हणाल तर उजेड जिकडे, तिकडे ते. एका अंगाला आमची भिंत, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचा दुमजली बंगला, आणि मोकळं आभाळ काय ते तारांच्या पट्ट्यातच. तो पट्टा आपणच मोकळा करून ठेवतो, आणि मग झाड तिकडे आलं म्हणून चिडतो!

दोन वर्षांपूर्वीही छाटणी झाली होती. पावसाळ्याआधी माणसं आली, बांबूला कोयता बांधला आणि हाताला येईल ते सपासप उतरवलं. अर्ध्या तासात काम फत्ते. खाली हिरव्या, टणक जांभळांचे घोस पडले. जूनपर्यंत थांबायला कुणाला वेळ होता? वर राहिले हातभर लांबीचे खुंट. त्या प्रत्येक खुंटावर दोन पावसाळ्यांत पाच-सहा फोक फुटले, छडीसारखे सरळसोट, पुन्हा तारेच्याच दिशेने. असे फोक सालीलगत फुटलेले असतात, लाकडात खोल रुतलेले नसतात, त्यामुळे वाऱ्यात तेच आधी मोडतात. त्यात जांभळीचं लाकूड मुळातच ठिसूळ. 'आंब्यावर चढ, जांभळीवर नको' हे लहानपणी आजीकडून किती वेळा ऐकलं असेल!

यंदा पिंपळगावचे मामा आले होते. चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, सगळं वर्ष सिकेटर हातात. वर बघून म्हणाले, "अरे, ही छाटणी नाही, हजामत आहे."

मग त्यांनी मला खोडापाशी नेलं आणि फांदी जिथून निघते तिथे बोट ठेवलं. तिथे साल जरा फुगलेली होती, कोपरावरच्या कातडीसारख्या बारीक सुरकुत्यांची एक कडी. "ह्या कडीच्या बाहेर, अगदी लगत. कडीच्या आत शिरलास तर खोडाला जखम. लांब राहिलास तर खुंट सडतो. आणि फांदी नुसती आखूड करायची असेल तर डोळा बघून कापायची, नाहीतर चांगली जाड पोटफांदी बघून. ती जिकडे बघते, तिकडे झाड जातं."

अमेरिकेच्या वनसेवेत ॲलेक्स शिगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतून पाहिली आणि 1970 च्या दशकात एक गोष्ट मांडली : झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड ती कोंडून टाकतं. भोवती भिंती उभारतं आणि पुढचं लाकूड बाहेरून वाढवत नेतं. जुना घाव आत तसाच राहतो. या भिंतींतली मोठी भिंत त्या कडीपाशीच उभी राहते. मामांनी शिगोंचं नाव ऐकलेलं नाही. त्यांच्या बोटाला मात्र ती कडी बरोबर सापडली.

वर चढणार ना मामा होते, ना मी. ओल्या फांदीतून वीज खाली उतरते, ओल्या बांबूतूनही. वीज कंपनीत अर्ज दिला, तीन खेपा घातल्या. शेवटी एका गुरुवारी वायरमन आले, लाईन बंद करून घेतली, अर्थिंग केलं आणि मगच शिडी लागली. मामा खालून सांगत होते : आधी खालच्या बाजूने थोडा काप, मग पुढे सरकून वरून, शेवटी कडीपाशी खुंट उतरवा. असं केलं की फांदी पडताना खोडाची साल ओरबाडत नेत नाही. वायरमन आधी वैतागले, मग दुसऱ्या फांदीला स्वतःच विचारू लागले, "इथं का, मामा?"

जांभळं यंदाही गेलीच. अर्धं झाड मात्र राहिलं.

संध्याकाळी वीज आली. मामांनी मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट कालवून घावांना लावली. द्राक्षाच्या गावात हे केल्याशिवाय छाटणी पुरी होत नाही. शिगोंच्या मते झाडाला असल्या लेपाची गरज नव्हती. मी काही बोललो नाही, बादली धरून उभा राहिलो. खोडावर आता तीन निळे ठिपके आहेत, आणि राखलेली पोटफांदी पूर्वेकडे, आमच्या न्हाणीघराच्या पत्र्याकडे बघते आहे. तीन-चार वर्षांत ती तिथे पोचेल. मग जूनमध्ये रात्रभर पत्र्यावर टपटप जांभळं पडतील, पत्रा जांभळा होईल आणि घरात त्यावरून बोलणी खावी लागतील. त्याचं तेव्हा बघू.