न कळलेल्या गोष्टीचा दोष

दोन वर्षांपूर्वी आमच्या गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवाला धर्मग्रामातील एका कुटुंबाने आम्हांला काचेची एक टाकी भेट दिली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, तितकीच उंच. पन्नासएक लिटर पाणी मावेल एवढी. शाल आणि श्रीफळ यांच्या ढिगात ही वस्तू वेगळी दिसत होती, आणि खरे सांगायचे तर आम्हांला तीच अधिक आवडली. निवासस्थानाच्या ओसरीवर ती मांडली. तळाशी वाळू पसरली, नळाचे पाणी भरले, बाजारातून आणलेल्या पाणवनस्पती खोचल्या आणि तिसऱ्याच दिवशी दहा निऑन टेट्रा सोडले. लांबीला जेमतेम इंच-सव्वा इंच, अंगावर निळी रेघ, खाली लाल पट्टा. रविवारच्या मिस्सानंतर मुले ओसरीवरून हलेनात.

माशांना दाणे घालण्याचे काम आम्ही आमच्या एका वेदीसेवकाकडे सोपविले. वय वर्षे दहा. किती घालायचे हे आम्ही स्वतः चिमूट धरून त्याला दाखविले. पाचव्या दिवशी तीन मासे तरंगू लागले, आठव्या दिवशी एकही उरला नाही. पाणी तर इतके नितळ होते की पलीकडच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तारखा त्यातून वाचता येत होत्या. कारण शोधताना आमच्या तोंडून चार मुलांसमोर शब्द निघून गेले, "दाणे फार घातलेस रे तू." मुलगा काही बोलला नाही. पुढचे दोन रविवार तो वेदीवर आला, परंतु ओसरीकडे फिरकला नाही.

वाचकहो, हा लेख मत्स्यपालनावर नाही. परंतु मासे कशाने मेले हे सांगितल्याशिवाय पुढचा प्रश्न उभाच राहत नाही.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले दाणे आणि कुजलेली पाने हीही त्यात भर घालतात. नदीत किंवा जुन्या विहिरीत हा अमोनिया साचत नाही, कारण दगडांवर, गाळात, पानांवर सूक्ष्म जिवाणूंचा थर असतो. जिवाणूंची एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट करते. पहिली दोन विषे माशाच्या जिवावर उठतात. तिसरे बरेच सौम्य असते आणि वनस्पती ते अन्न म्हणून घेतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही तीन दिवस दिले होते. शिवाय चौथ्या दिवशी गाळणीचा स्पंज मळकट दिसला म्हणून आम्ही तो नळाखाली खसखसून धुतला. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने, जे थोडे जिवाणू धरू लागले असतील, तेही गेले. जावा फर्न या वनस्पतीचे मूळखोड दगडाला किंवा लाकडाला बांधायचे असते. आम्ही ते वाळूत पुरले आणि ते कुजले. आम्ही ज्याला स्वच्छता समजलो, ती माशांच्या दृष्टीने ओसाडी होती.

दाणे थोडे अधिक पडले असतीलही. पण आम्ही दाखविलेली चिमूट आमच्या जाड बोटांची होती. मुलगा तिच्याबरहुकूम मोजत होता. आणि रुळलेल्या टाकीत तेवढ्याने दहाच्या दहा मासे मेले नसते.

आता प्रश्न असा : जे आम्हांला ठाऊकच नव्हते, त्याचा दोष आमच्यावर येतो काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचा विचार फार बारकाईने केला आहे. जे कळणे माणसाच्या आवाक्यातच नाही, त्याचे अज्ञान दोष नव्हे. जे कळून घेणे आपले कर्तव्य आहे, ते हयगयीने न कळणे मात्र दोषच. या दोहोंच्या मध्ये ते तिसरी एक गोष्ट ठेवतात : जे कळू शकते, पण कळलेच पाहिजे असे बंधन नाही. भूमितीचे सिद्धान्त हे त्यांचे उदाहरण. ते न येण्याने कोणी पापी ठरत नाही. मात्र तेथे ते एक लहानसा अपवाद जोडतात : विशिष्ट प्रसंग सोडून. गुरुविद्यालयात हा भाग आम्ही परीक्षेपुरता घोकला होता. त्या दोन शब्दांवर बोट ठेवून थांबावे असे तेव्हा वाटले नाही.

या विषयाच्या इतिहासातच एक बोलके उदाहरण आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ साली काचेच्या एका भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पातीची पाणवनस्पती ठेवली. पुढे जुनी पाने कुजून पाणी गढुळू लागले, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या आणि त्यांनी ती घाण खाऊन टाकली. १८५० साली त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. वनस्पती, मासा आणि गोगलगाय यांचा मेळ त्याने अचूक ओळखला. पण चौथा सोबती त्याला दिसला नाही, आणि दिसणेही शक्य नव्हते. नायट्रीकरण करणारे जिवाणू वेगळे करून दाखविण्यात विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाला यश आले ते १८९० साली. गंमत अशी की त्याआधी ज्यांनी या क्रियेमागे लागून वर्षानुवर्षे प्रयोग केले, त्यांत वॉरिंग्टनचाच मुलगा होता, त्याच नावाचा. पित्याच्या भांड्यात जे मुकाट्याने चालले होते, ते मुलगा शोधीत होता.

थोरल्या वॉरिंग्टनचे मासे जिवाणूंअभावी मेले असते, तर त्याला कोणी दोष देऊ शकले नसते. आमचे तसे नाही. आमच्यापासून सायकलच्या अंतरावर मासे पाळणारी तीन घरे होती. विचारण्यास एक संध्याकाळ पुरली असती. मासे आणण्यापूर्वी अमोनियाचे ज्ञान आमच्यासाठी भूमितीच्या सिद्धान्तासारखे होते, येवो न येवो. दहा जीव काचेच्या चार भिंतींत घातले त्या क्षणी तो विशिष्ट प्रसंग उभा राहिला. कोंडलेला जीव आपले पाणी निवडू शकत नाही, आणि त्या पाण्याचा जाब आता आम्हांला विचारला जाणार होता.

कोणी म्हणेल, आपल्याला काही कळत नाही हेच ज्याला कळत नाही, त्याने विचारावे तरी काय? या आक्षेपाने आम्हांला पुष्कळ दिवस छळले. तो अगदीच पोकळ नाही. पाणी नितळ होते, मासे चपळ होते, शंका यावी असे काहीच डोळ्यांसमोर नव्हते. परंतु आमच्या वागण्यातच त्याचे उत्तर होते. मासे मेले तेव्हा "आम्हांला कारण कळत नाही" असे आम्ही म्हणालो नाही. आम्हांला कारण लगेच सापडले, आणि ते दहा वर्षांचे होते. आमचे अज्ञान निष्पाप असते, तर ते निदान गप्प राहिले असते.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आजी मागील दारी तांदूळ निवडीत होती. आम्ही सारी हकीकत सांगितली : स्पंज, क्लोरिन, तीन दिवस. मुलगा खांबाआड उभा राहून ऐकत होता. आजी सूप हलवीत म्हणाल्या, "फादर, आमच्या विहिरीतल्या माशांना कुणी कधी दाणे घातले?" मग आम्ही मुलाकडे वळून म्हणालो, "बाळा, चूक आमची होती आणि नाव तुझे घेतले. ज्यांच्यासमोर घेतले, त्यांच्यासमोरच येत्या रविवारी आम्ही हे सांगणार आहोत." तो म्हणाला, "नको फादर." आम्ही सांगितले. नको म्हणण्याचा त्याचा हक्क होता, की सांगण्याचे आमचे कर्तव्य मोठे होते, याविषयी आमचे मन आजही पुरते निश्चित नाही.

टाकी पुन्हा मांडली ती त्याच्याच हाताने. तळाशी चाळलेल्या बागेतील मातीचा इंचभर थर, वर तेवढीच जाड वाळू. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला पहिल्याच दिवशी दाटीने लावल्या, कारण वनस्पतीही अमोनिया शोषून घेतात. दोनचार काड्या लावून भागत नाही. जावा फर्न या वेळी दोऱ्याने दगडाला बांधली. दिवा दिवसातून सात तास, अधिक नाही; एकदा रात्रभर राहिला तर काचेवर हिरवे शेवाळ चढले. पाणी बादलीत रात्रभर ठेवून मगच घालायचे. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. वनस्पतींबरोबर तीन गोगलगायी न बोलावता आल्या, त्यांना राहू दिले.

पाणी तपासण्याची लहान बाटली आम्ही आणली. नळीत थेंब टाकले की नायट्राइट असल्यास पाणी जांभळे होते, नसल्यास निळे राहते. दर शनिवारी मुलगा नळी उजेडात धरून पाहायचा. चौथ्या आठवड्यात आमचा धीर सुटत चालला होता. रंग जवळजवळ निळाच आहे, असे आम्ही म्हणालो. दुसऱ्या दिवशी धर्मग्रामाचा सण होता आणि ओसरीवर पाहुणे येणार होते. त्याने नळी पांढऱ्या कागदासमोर धरली, बराच वेळ पाहिली.

"अजून जांभळट आहे, फादर. उद्या नको."