न मोजलेली हवा



आपल्या घोडेगाव परिसरातून चाकणच्या कारखान्यांत कामाला जाणारी मुले आपल्या चांगल्या ओळखीची आहेत. कोणी रंगाच्या विभागात असतो, कोणी थिनरने सुटे भाग पुसतो. गावातल्या गॅरेजमध्येही गाड्यांवर रंगाचा फवारा मारणारे आहेत. संध्याकाळी डोके जड झाले की ते म्हणतात, "सुरुवातीला त्रास होतो, मग वासाची सवय होते."

सवय होते ती नाकाला. फुप्फुसाला, रक्ताला आणि मेंदूला होत नाही. काही वाफा तर नाकाला कळतच नाहीत. बेंझिन रक्त तयार करणाऱ्या मज्जेला इजा करते आणि त्यामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. परंतु त्याचा वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असू शकते. तोंडाला बांधलेला रुमाल थोडीफार धूळ अडवील, वाफ अडवत नाही.

म्हणून हवा मोजावी लागते. ही रीत फार अवघड नाही. काचेच्या छोट्या नळीत खास तयार केलेला कोळसा भरतात. तो बहुधा नारळाच्या करवंटीचाच असतो. ही नळी कामगाराच्या कॉलरला, नाकातोंडाजवळ लावतात. कमरेचा लहान पंप तिच्यातून हवा ओढतो आणि कोळसा वाफ धरून ठेवतो. पुढे प्रयोगशाळेत तिचे प्रमाण काढतात. नळी भिंतीवर न लावता माणसाच्या अंगावर लावतात, कारण श्वास माणूस घेतो, भिंत घेत नाही.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात धोकादायक पदार्थांच्या मर्यादांची यादी घालण्यात आली. त्यात टोल्युइन या थिनरमधील द्रवाची आठ तासांची सरासरी मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग अशी होती. पुढे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका संस्थेने आपली शिफारस २० पर्यंत खाली आणली. म्हणजे आज 'चालेल' म्हटलेला आकडा उद्या 'चालणार नाही' ठरू शकतो. कामगाराने आपल्या आरोग्याविषयी माहिती मागावी, हा हक्कही त्याच दुरुस्तीने दिला. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेतही मर्यादांची आणि माहितीच्या हक्काची तरतूद आहे.

पण कायदा इथपर्यंतच येतो. पुढचा प्रश्न सदसद्विवेकाचा आहे.

कल्पना करा, एक मालक हवा मोजूनच घेत नाही. आकडा वाईट आला तर पंखे बसवावे लागतील, खर्च येईल. त्यापेक्षा माहीत नसलेलेच बरे. दुसरीकडे मोजणी होते. पण कंत्राटावरचा तरुण नळी काढून खिडकीपाशी टांगतो. आकडा वाढला तर आपल्यालाच कामावरून काढतील, ही त्याला भीती. कागदावर दोन्हीकडे सारे ठीक दिसते. दोषी कोण?

तरुणाने खोटेपणा केला हे खरे. पण त्याच्या घरी म्हातारे आईवडील आहेत, हप्ते आहेत. भीतीने केलेली चूक आणि सोयीसाठी केलेली चूक एकाच तराजूत तोलता येत नाहीत. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की, जे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे ते मुद्दाम जाणून न घेतल्यास अज्ञानाची सबब चालत नाही. मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. न मोजणे हे अशाच कर्तव्यांपैकी आहे. ज्याच्या हाती मोजण्याची सत्ता, त्याच्यावर जबाबदारी अधिक. आणि आकडा खरा हवा असेल तर तो सांगणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहील, हे वचन आधी द्यावे लागेल.

पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी क्राकूव येथील सोल्वे रासायनिक कारखान्यात कामगार होते. १९८१ च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात त्यांनी, आरोग्याला अपाय न करणारी कामाची जागा हा कामगाराचा हक्क आहे, असे स्पष्ट सांगितले.

मालक म्हणजे केवळ कारखानदार, असे समजून आपण सुटत नाही. आपल्या टोमॅटोवर औषध फवारणारा मजूर हा आपलाच कामगार आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्या शेतात कोळशाची नळी नसेल. पण वारा कोणीकडचा आहे, डब्यावर काय लिहिले आहे, मास्क आहे का, त्याला चक्कर येते का, हे पाहायला यंत्र लागत नाही.

इटलीतील डॉक्टर रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिले. रोग्याला तपासताना 'तू काम काय करतोस?' हेही विचारा, असे त्यांनी वैद्यांना सांगितले.

आज जेवताना हा प्रश्न आपल्या घरातल्या कामगाराला विचारू या. उद्या शेतावर येणाऱ्या मजुरालाही विचारू या. आणि उत्तर गैरसोयीचे आले, तरी ते शेवटपर्यंत ऐकू या.