राजाचे गाणे

दर वर्षी २१ मार्चच्या चौकटीत दिनदर्शिका 'जमशेदी नवरोज' असे छापते. नाशिकहून देवळालीस जाताना पारशी बांधवांची आरोग्यभवने दिसली की ही तारीख आम्हांस हटकून आठवते, कारण ती नेहमी आपल्या प्रायश्चित्तकाळातच पडते. जमशेदची कथाही त्याच काळात सांगावी अशी आहे. फिर्दौसीच्या शाहनाम्यातील या राजाने प्रजेला विणणे, लोखंड घडविणे, औषधोपचार करणे शिकविले. पुढे मात्र 'मलाच निर्माता म्हणा' असे तो म्हणू लागला. तेव्हा ईश्वरी तेज त्याला सोडून गेले आणि जुलमी झोहाकने अखेर त्याला करवतीने दुभंगले.

ही कथा मुंबईच्या रंगभूमीवरही आली. १८५३ साली ग्रँट रोडच्या नाट्यगृहात विष्णुदास भाव्यांचे मराठी खेळ झाले, आणि त्याच वर्षी तेथेच पारशी तरुणांनी रुस्तुम-सोहराबचे नाटक केले. पुढे 'रास्त गोफ्तार'चे संपादक कैखुश्रू काबराजी यांनी शाहनाम्यावरून गुजराती नाटके लिहिली. त्यांत 'जमशेद'ही होते. आपल्याच परंपरेतला थोर राजा गर्वाने कसा पडला, हे त्या समाजाने तिकीट लावून चारचौघांत दाखविले, याचे आम्हांस कौतुक वाटते. (सणाच्या नाटकांत आपण असे काही दाखवितो काय?)

दुसरा राजा इतिहासातला, झर्क्सिस. एस्तेरच्या पुस्तकातील अहश्वेरोश तो हाच, असे सामान्यतः मानले जाते. ग्रीसवर चालून जाताना वाटेत एक चिनार त्याला इतका आवडला की त्याने तो सोन्याने शृंगारून राखणदार नेमला, असे हिरोडोटस सांगतो. त्या झाडाच्या सावलीला उद्देशून राजाने गायिलेले गीत हँडेलच्या 'सेर्से' या ऑपेराच्या आरंभी येते. १७३८ मध्ये लंडनला त्याचे जेमतेम पाच प्रयोग झाले. गीत मात्र 'लार्गो' या नावाने चर्चच्या ऑर्गनवर येऊन बसले. लग्नात वाजते, अंत्यविधीत वाजते.

त्याच प्रवासातली दुसरी गोष्टही हिरोडोटसने लिहून ठेवली आहे. पिथियस नावाच्या धनिकाने फौजेला जेवू घातले, आपले द्रव्य देऊ केले, आणि पाच मुलांपैकी थोरला तेवढा घरी राहू द्यावा अशी विनंती केली. राजाने त्या मुलाचे दोन तुकडे करवून रस्त्याच्या दोन्ही बाजूंस ठेवले व मधून सैन्य नेले. ऑपेरात हे नाही. तो प्रेमाच्या गोंधळाचा खेळ. मॅरेथॉनला लढलेल्या एस्किलसने इ.स.पू. ४७२ मध्ये अथेन्सच्या रंगमंचावर फाटक्या वस्त्रांतला, रडणारा झर्क्सिस आणला. शत्रूचे अश्रू दाखविण्याइतके त्याचे मन मोठे होते. पण त्या मुलाचा उल्लेख तेथेही नाही. मुलाचे नाव तर हिरोडोटसही देत नाही.

मग हे गाणे चर्चमध्ये वाजावे काय? पूर्वीच्या एका धर्मग्रामात आम्हांस याचे उत्तर देणे भाग पडले. ऑर्गन देणगी देणारे गृहस्थ वारले. मुलांनी अंत्यविधीत लार्गो वाजविण्याची इच्छा व्यक्त केली. शेवटच्या बाकावर एक शेतकरी बसला होता. त्याची जमीन त्या गृहस्थांनी व्याजापोटी घेतली होती.

सेमिनरीत शिकलेले तत्त्व आमच्या जिभेवर तयार होते : अपात्र याजकाच्या हातूनही संस्कार वैध असतो. परंतु संस्कारात देणारा ख्रिस्त असतो. ऑर्गनच्या पैशांविषयी ते तत्त्व काही सांगत नाही. जमशेद पडला म्हणून कोणी विणकाम टाकून दिले नाही, हेही खरे. पण ते विणकाम कोणाच्या घरातून हिरावून आणलेले नव्हते.

आम्ही लार्गो वाजू दिला. प्रवचनात देणगीची स्तुती केली नाही, जमिनीचे नावही काढले नाही. ते मौन शहाणपणाचे होते की भित्रेपणाचे, हे आमचे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. दफनभूमीत माती देणाऱ्यांच्या रांगेत तो शेतकरी होता. पुढल्या रविवारी मिस्सा संपल्यावर तो जवळ आला नि म्हणाला, "फादर, ते गाणं लई शांत होतं. कोणत्या संताचं?"

"सांगतो कधीतरी," असे म्हणून आम्ही वस्त्रालयात शिरलो.