दोन वेळांमधलं अंतर

३१ डिसेंबर २०२३, रात्रीचे ११:५९. तिथून एका मिनिटाने १ जानेवारी २०२४ उजाडला. मधे किती वर्षं गेली? एसक्यूएल सर्व्हरचं 'डेटडिफ' सांगतं, एक. मायएसक्यूएलचं 'टाइमस्टॅम्पडिफ' सांगतं, शून्य. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिलं ओलांडलेले उंबरठे मोजतं, दुसरं पूर्ण भरलेली वर्षं. पण वय काढायला पहिलं घेतलं, तर ३१ डिसेंबर २००६ ला जन्मलेला मुलगा १ जानेवारी २०२४ लाच अठरा वर्षांचा ठरतो, आणि १ जानेवारी ही आपल्या मतदार यादीची एक अर्हता तारीख आहे. आपल्याला नेमकं काय मोजायचंय हे क्वेरी लिहिण्याआधी माणसानेच ठरवायचं असतं.

मायएसक्यूएलमध्ये दोन वेळा नुसतं वजाचं चिन्ह घालून वजा केल्या, तर ९:५९ ते १० या एका मिनिटाचं उत्तर ४१०० येतं, कारण तारीख-वेळेचे अंक सलग संख्या म्हणून वजा होतात. एरर येत नाही. चुकीचा आकडा निमूटपणे अहवालात जाऊन बसतो.

मला सर्वांत जास्त खुपते ती मजुरीची चूक. आपलं घड्याळ बारा महिने यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असतं, त्यामुळे पुण्यात बसून अमेरिकेतल्या हजेरीची क्वेरी लिहिणाऱ्याला घड्याळ मागे-पुढे होतं हे सुचतच नाही. ३ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे दोन वाजता न्यूयॉर्कची घड्याळं तासभर मागे गेली. आदल्या रात्री अकराला कामावर आलेली नर्स सकाळी सातला सुटली असेल, तर ती नऊ तास राबली. स्थानिक वेळांची वजाबाकी मात्र आठच तास दाखवते. घडून गेलेल्या घटनांची वेळ यूटीसीत साठवावी, फरकही तिथेच काढावा. स्थानिक वेळ फक्त दाखवण्यापुरती. जन्मतारीख मात्र तारीख म्हणूनच राहू द्यावी.

वेगाचं म्हणाल तर कॉलमला हात लावू नये. गेल्या तीस दिवसांतल्या ऑर्डर हव्या असतील, तर प्रत्येक ओळीचा फरक काढत बसण्याऐवजी आत्ताच्या वेळेतून तीस दिवस एकदाच वजा करावेत आणि कॉलमची तुलना त्या वेळेशी करावी. कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळला की त्यावरचा साधा इंडेक्स कामी येत नाही.

तुमच्याकडे हजेरी, व्याज किंवा वय मोजणारी क्वेरी असेल, तर घड्याळ बदलणारी रात्र आणि २९ फेब्रुवारी देऊन ती आजच एकदा चालवून बघा.