पाहुणा कोण?

माल्टा पाहावे ते मे महिन्यात, गर्दीपूर्वी, असा सल्ला मिळाला व मी तो मानला. व्हॅलेटामध्ये संत पौलाच्या गलबतफुटीची स्मृती जपणाऱ्या चर्चमध्ये मात्र संकोच वाटला. इसवी सन ६०च्या सुमारास २७६ माणसे या किनाऱ्याला लागली, ती थंडीपावसात. ऋतू निवडण्याची सवड त्यांना कुठली! बेटवासीयांनी शेकोटी पेटवली. तीन महिन्यांनी निघताना शिदोरीही दिली.

जेमतेम साडेपाच लाख वस्तीच्या या देशात २०२३ साली सुमारे ३० लाख पर्यटक आले. येथे बारमाही नदी नाही. पिण्याचे बरेचसे पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळवावे लागते. मी पैसे मोजले होते, हे खरे. पण मोजून दिल्याने ऋण फिटते काय? गर्दी टाळायला आलेला मीही त्या गर्दीतलाच. खानावळीतल्या वृद्धेने पाण्याचा पेला पुढे केला. मी तो तळापर्यंत प्यालो.