भोगून झालेली शिक्षा

न्यायालय शिक्षा सुनावते तेव्हा तिला माप असते: इतके दिवस कैद, इतका दंड. अमेरिकेत किरकोळ गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाची नोंद मात्र हे माप भरल्यावरही सर्वांसाठी खुली राहते. घर भाड्याने देणारा ती पाहतो, नोकरी देणाराही पाहतो. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिल्वॉकी शहरात केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सारख्याच पात्रतेच्या गोऱ्या तरुणांपैकी नोंद नसलेल्यांना ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, नोंद असलेल्यांना १७ टक्के. काळ्या तरुणांत हेच आकडे १४ आणि ५. ती नोंद गंभीर गुन्ह्याची होती हे खरे, पण डागाचा परिणाम कसा होतो ते त्यातून दिसते. ही दुसरी शिक्षा कुठल्याही न्यायाधीशाने सुनावलेली नाही, अनेक राज्यांत तिला मुदतही नाही. म्हणूनच ती मला अन्याय्य वाटते.

प्रायश्चित्ताचा विचार करणाऱ्यांना हा प्रश्न जुनाच आहे. पापक्षालन न केलेल्याशी व्यवहार करू नये, पण ज्याने ते केले त्याची घृणा कधीही करू नये, असे मनुस्मृतीचा अकरावा अध्याय सांगतो. याच ग्रंथाने दंड जातीच्या तराजूत तोलले आणि १९२७ साली महाडला तो जाळला गेला, हे विसरून त्याचा दाखला देता येणार नाही. तरीही ज्यू धर्माच्या मिश्नेतही पश्चात्ताप केलेल्याला त्याची जुनी कृत्ये ऐकवू नयेत अशी आज्ञा आहे. एकमेकींपासून इतक्या दूरच्या परंपरांना फेडीनंतरची हेटाळणी हा नवा अपराध वाटला, याला माझ्या मते वजन आहे.

म्हणून किरकोळ गुन्ह्याची नोंद काही वर्षांनी लोकांपासून झाकावी, असे मला वाटते. नोंद झाकणे म्हणजे सत्य लपवणे, हा आक्षेप गंभीर आहे. पण अशी नोंद झाकणाऱ्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या २०१८च्या ‘क्लीन स्लेट’ कायद्याने ती नष्ट होत नाही. पोलिसांना आणि न्यायालयांना ती दिसतेच. बंद होते ती जाहीर वाच्यता. पीडिताच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार सरकारला नाही, हेही मान्य. पण इथे कुणी क्षमा करतच नाही. पीडिताचा राग त्याचा राहतो, सरकार फक्त स्वतःची शिक्षा थांबवते. उरतो धोक्याचा प्रश्न. प्रेस्कॉट आणि स्टार या अभ्यासकांना मिशिगनमध्ये आढळले की नोंद हटवलेल्यांपैकी पाच वर्षांत जेमतेम ४.२ टक्के लोक पुन्हा दोषी ठरले. हे लोक आधी अनेक वर्षे सरळ वागलेले होते, त्यामुळे हा आकडा सगळ्या गुन्हेगारांना लागू करता येणार नाही. पण ‘क्लीन स्लेट’ कायदाही तीच अट घालतो. त्याच अभ्यासात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे: पात्र ठरलेल्यांपैकी फक्त ६.५ टक्के लोकांची नोंद पाच वर्षांत हटली, कारण त्यासाठी अर्ज, शुल्क आणि सुनावणी यांतून जावे लागे. ज्याला वकील परवडतो त्याचेच प्रायश्चित्त ग्राह्य धरणे हा न्याय नव्हे. पेनसिल्व्हेनियाने हे काम अर्जाविना, संगणकावर सोपवले, आणि २०२३मध्ये किरकोळ गुन्ह्यांसाठीची दहा वर्षांची प्रतीक्षा सातवर आणली. न्यूयॉर्कने त्याच वर्षी ती तीन वर्षे ठरवली. वाद घालायचाच तर तो या वर्षांच्या संख्येवर घालावा.