लक्ष्य वरून, मागणी खालून

वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. तोवर वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या भागांची गरिबी अकोल्याच्या सरासरीत मुरून जायची. अकोला शहरातले दवाखाने, कॉलेजं, बाजारपेठ आणि मानोऱ्याकडचे तांडे यांची बेरीज करून भागाकार केला, की येणारा आकडा कुणालाच अस्वस्थ करत नसे. वीस वर्षांनी, जानेवारी 2018मध्ये, नीती आयोगाने आकांक्षित जिल्हे जाहीर केले. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादसोबत त्यांत वाशिमचं नाव होतं. गरिबी जुनीच होती, ती मोजण्याचं एकक नवं होतं. गरिबी हटवण्याच्या जागतिक लक्ष्यांचा इतिहासही बऱ्याच अंशी मोजमापाचाच इतिहास आहे. मोजमाप कोण करतं आणि त्याचा जाब कोण विचारू शकतं, हा त्यातला अवघड भाग.

आपल्याकडे ही मोजणी दादाभाई नौरोजींनी सुरू केली. 1870च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं, की भारतीय माणसाचं वार्षिक उत्पन्न सरासरी 20 रुपयांच्या आसपास आहे आणि तुरुंगातल्या कैद्याला जगवायला सरकारला जो खर्च येतो, तेवढंही ते भरत नाही. दादाभाईंचा आकडा आरोपपत्रासारखा होता, त्याच्यासमोर आरोपी उभा होता. स्वातंत्र्यानंतर आरोपी गेला आणि आकडा नियोजनाच्या कामाला लागला. 1971मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दिवसाला 2250 उष्मांक मिळवून देणारा खर्च ही गरिबीची सीमा मानली. पुढे जिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, त्या दारिद्र्यरेषेचा पाया अशा रीतीने भाकरीच्या हिशेबावर घातला गेला.

सप्टेंबर 1973मध्ये जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्नमारा यांनी नैरोबीत भाषण केलं. शतक संपेपर्यंत निरपेक्ष दारिद्र्य नाहीसं करायचं, असं आवाहन त्यात होतं. तारखेसह दिलेल्या जागतिक लक्ष्याचं हे एक ठळक आरंभीचं रूप. त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं खडी फोडत होती, तलावांची माती उपसत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळानंतर राज्यभर पसरली. 1975पासून शहरी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून तिच्यासाठी पैसा उभा राहिला. 1977मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979पासून तो अमलात आला.

या दोन कल्पनांत मूलभूत अंतर आहे. नैरोबीतलं लक्ष्य चुकलं तर कुणीही जबाबदार नव्हतं. रोजगार हमीत काम मागणारा माणूस अर्ज करतो आणि 15 दिवसांत काम मिळालं नाही, तर त्याला बेकारी भत्ता द्यावा लागतो. हा भत्ता प्रत्यक्षात फार थोड्यांच्या हाती पडला, मस्टरवर खोटी नावंही चढली. पण सरकार चुकलं हे सिद्ध करण्याचं साधन गावातल्या मजुराच्या हाती आलं. 2005मध्ये या कल्पनेला देशभर कायद्याचं रूप मिळालं, त्यामागे हाच अनुभव होता.

दरम्यान दांडेकरांकडेच दुसरा हिशेब आला. 1983मध्ये नेमलेल्या त्यांच्या समितीने पुढच्या वर्षी राज्याच्या सरासरीमागे राहिलेल्या जिल्ह्यांचा अनुशेष मोजला. एकूण अनुशेष 3,186 कोटी रुपयांहून अधिक निघाला. रस्ते, सिंचन, वीज, शाळा अशा बाबतीत सरकारकडून येणं किती, याची ती खातेवही होती. विदर्भाचं राजकारण या खातेवहीवर अनेक वर्षं चाललं. तिचं एकक मात्र जिल्हा होतं. जिल्ह्याच्या आत कोण मागे आहे, हे तीत दिसत नव्हतं.

1990मध्ये अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने मानव विकास निर्देशांक मांडला आणि उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण आलं. 2000च्या सहस्रक विकास लक्ष्यांनी आठ उद्दिष्टं ठरवली. 2015पर्यंत अतिगरिबांचं प्रमाण निम्मं करायचं होतं, ते पाच वर्षं आधीच झालं. मात्र त्यात मोठा वाटा चीनचा होता. जगाची सरासरी सुधारली, म्हणून यवतमाळ किंवा वाशिमच्या शेतकऱ्याचं कर्ज हललं नाही. 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत वाशिम होता. पुढे आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीचा ‘केम’ हा कृषी विकास प्रकल्प याच सहा जिल्ह्यांत आला. 2015च्या शाश्वत विकास उद्दिष्टांनी यादी 17 ध्येयं आणि 169 लक्ष्यांपर्यंत वाढवली आणि कुणालाही मागे न सोडण्याचं वचन दिलं.

आकांक्षित जिल्हा कार्यक्रम हे त्या वचनाचं आपल्याकडचं जवळचं रूप. 49 निर्देशक, दर महिन्याची आकडेवारी आणि सुधारणेच्या वेगावर ठरणारी क्रमवारी. 60 टक्के भार आरोग्य-पोषण आणि शिक्षणाला आहे, म्हणजे हक यांची कल्पना 28 वर्षांनी वाशिमच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या तक्त्यापर्यंत पोहोचली. हे थोडं नव्हे. वेगवेगळी खाती एकाच आकड्यापुढे बसू लागली आणि बाळंतपण, लसीकरण, शाळागळती यांची दरमहा झाडाझडती होऊ लागली.

पण वाशिमची गरिबी महिन्याच्या तक्त्यात नीट मावत नाही. इथली बरीचशी शेती पावसावरची. सोयाबीन आणि तूर पेरलेल्या घराला दोन वर्षं बरी गेली, की ते कागदावर गरिबीतून बाहेर येतं. तिसऱ्या वर्षी पाऊस खंडला, दुबार पेरणी करावी लागली, की तेच घर पुन्हा सावकाराच्या दारात असतं. लक्ष्य अमुक तारखेची स्थिती मोजतं. हमी वाईट वर्षी कामाला येते, कारण ती कधी मागायची हे मागणारा ठरवतो. शिवाय क्रमवारी घसरली तर वरिष्ठ जिल्हाधिकाऱ्याला विचारतात. मानोऱ्यातल्या बाईला तो तक्ता दिसत नाही आणि दिसला तरी त्याच्या आधारे अर्ज करता येत नाही. सहा तालुके अकोल्याच्या सरासरीत हरवत होते, तसा तिचा तांडा आता वाशिमच्या सरासरीत हरवू शकतो.

म्हणून शाश्वत विकास उद्दिष्टांची 2030ची मुदत संपल्यावर नवी यादी करताना आणखी निर्देशक जोडण्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. प्रत्येक निर्देशकाचा गावनिहाय आकडा ग्रामसभेपुढे ठेवला जावा. आणि त्यातल्या निदान काही बाबतींत, उदाहरणार्थ काम, धान्य, प्रसूतीची सोय, ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास भरपाई मागण्याचा कायदेशीर हक्क असावा. दादाभाईंच्या आकड्यासमोर आरोपी होता, पागेंच्या योजनेत अर्जदार होता. आजच्या लक्ष्यांत फक्त लाभार्थी आहे. तो अर्जदार झाला, तरच कुणालाही मागे न सोडण्याचं वचन देणाऱ्यांना ते पाळावं लागेल.